ब्युनोस आयर्स एकट्याने, एका दिवसात: ठाणे-नवी मुंबईहून निघणाऱ्यांसाठी

अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्युनोस आयर्समध्ये, एकच मोकळा दिवस हाताशी असेल, तर तो दक्षिणेकडून उत्तरेकडे न्यावा. सकाळी ला बोका हा बंदराचा भाग, दुपारी सान तेल्मो आणि प्लासा दे माशो हा मुख्य चौक, संध्याकाळी रेकोलेता. बरेच जण नेमकं उलटं करतात. हॉटेल उत्तरेला, रेकोलेता किंवा पालेर्मोत असतं, म्हणून सकाळी जवळचं पाहून घेतात आणि उन्हं उतरताना ला बोकाला पोचतात. तोवर तिथली दुकानं आवरायला लागलेली असतात, पर्यटकांच्या बस निघून गेलेल्या असतात आणि आजूबाजूच्या गल्ल्या ओस पडायला लागतात. चौघांचा गट असेल तर ते निभावून जातं. एकट्याने ती वेळ टाळायचीच. रेकोलेताचं तसं नाही, तिथे रात्री नऊलाही बायका-मुलं रस्त्यावर असतात. म्हणजे दिवस जसजसा मावळत जाईल, तसतसे तुम्ही जास्त वर्दळीच्या भागात सरकत जाल, असा क्रम ठेवायचा.

आधी वार बघा, मग ठिकाणं

रविवार मिळाला तर सोनं. सान तेल्मोतल्या देफेन्सा रस्त्यावर त्या दिवशी मोठा बाजार भरतो. जुनी भांडी, सायफनच्या निळ्या बाटल्या, चामड्याच्या वस्तू, मधूनच टँगो नाचणारी जोडपी. १९७० पासून हा बाजार दर रविवारी चालू आहे. अडचण दोन गोष्टींची: सुब्ते, म्हणजे तिथली भुयारी मेट्रो, रविवारी सकाळी आठच्या सुमाराला सुरू होते, आणि बाजारात खिसेकापूही येतात.

सोमवारी बरीच संग्रहालयं बंद. गुरुवार असेल तर दुपारी साडेतीनला प्लासा दे माशोवर असण्याचा प्रयत्न करा, कारण खाली येईल. बुधवारी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या इमारतीसमोर बऱ्याचदा पेन्शनरांची निदर्शनं असतात. रस्ते अडवले जातात, बस वळवल्या जातात, त्यामुळे त्या दिवशी दुपारनंतर तो भाग वगळा. बोका ज्युनियर्स या फुटबॉल क्लबचा सामना घरच्या मैदानावर असेल, तर ला बोका पूर्ण वगळून दिवसाची सुरुवात सान तेल्मोपासून करा. सामन्याची तारीख आदल्या रात्री हॉटेलच्या काउंटरवर विचारली तरी कळते.

घरून निघण्याआधी

व्हिसा मुंबईतल्या अर्जेंटिनाच्या वाणिज्य दूतावासाकडून. त्याचे नियम बदलत असतात, तेव्हा अर्ज भरतानाची माहिती तिथूनच घ्या. जास्त लोक अडकतात ते पीतज्वराच्या लशीवर. अर्जेंटिनात शिरताना ती कोणी विचारत नाही म्हणून घेतली जात नाही. पण परत येताना भारतातल्या विमानतळावर दाखला मागतात आणि तो नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यायची. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली चिठ्ठी चालत नाही, पिवळं पुस्तक लागतं. एकदा घेतली की दाखला जन्मभर चालतो.

बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी वापर चालू करा. आपल्याकडची कार्डं मुळात फक्त देशांतर्गत वापरासाठी चालू असतात, आणि हे तिथे काउंटरवर उभं राहिल्यावर लक्षात आलं तर ओटीपी यायला भारतीय सिमचं रोमिंगही चालू नसतं. दोन कार्डं घ्या, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. थोडे डॉलर न्या. १०० च्या कोऱ्या नोटांना चांगला भाव मिळतो. घडी पडलेल्या, शाई लागलेल्या नोटा पडत्या भावात घेतात किंवा परत करतात.

प्लगच्या खाचा तिरक्या, चपट्या असतात. काही जुन्या ठिकाणी आपल्या दोन गोल पिनांचा चार्जर बसतो, पण तेवढ्यावर विसंबू नका. अडॅप्टर ठाण्यातच घेतलेला बरा.

आणि चालण्याची सवय. या दिवसात साधारण १० ते ११ किलोमीटर चालणं होतं, म्हणजे वाशीपासून बेलापूरपर्यंतचा अख्खा पाम बीच रोड. नवे बूट घालून जाऊ नका. महिनाभर आधी उपवन किंवा तलावपाळीला रोजच्या फेऱ्या मारून तेच बूट सैल करून घ्या.

घरच्यांशी बोलण्याच्या वेळाही आधीच ठरवा. ब्युनोस आयर्स आपल्या साडेआठ तास मागे आहे, वर्षभर. तिथे सकाळचे साडेआठ म्हणजे ठाण्यात संध्याकाळचे पाच. तिथे दुपारचा दीड म्हणजे इथे रात्रीचे दहा. तिथे रात्री साडेनऊ, तेव्हा इथे पहाटेचे सहा. या तीन वेळांना एकेक मेसेज पुरतो. मधल्या वेळेत घरचे झोपलेले असतात. तेव्हा 'आता इथे आहे, आता तिथे आहे' असं कळवत राहिलं की एखादा मेसेज राहिला तरी आईची झोप उडते. एका माणसाला लाइव्ह लोकेशन देऊन ठेवा आणि दिवसाचा क्रम लिहून पाठवा.

पत्ता वाचायला शिका

एकट्या माणसाला या शहरात सगळ्यात उपयोगी पडणारी विद्या हीच. नेरूळ-वाशीत सेक्टर आणि प्लॉट नंबर हाती असला तरी इमारत सापडायला दोघांना विचारावं लागतं. ब्युनोस आयर्समध्ये पत्ता स्वतःच अंतर सांगतो. शहर चौकटीत आखलेलं आहे. एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंतच्या तुकड्याला क्वाद्रा म्हणतात, तो साधारण १०० मीटरचा असतो आणि दर क्वाद्रेला घरांचे आकडे शंभराने वाढतात. उत्तर-दक्षिण रस्त्यांचे आकडे रिवादाव्हिया या रस्त्यापासून सुरू होतात, पूर्व-पश्चिम रस्त्यांचे नदीच्या बाजूने. म्हणजे 'देफेन्सा ९६३' हा सान तेल्मोच्या मंडईचा पत्ता वाचला की कळतं, रिवादाव्हियापासून दक्षिणेला नऊ-दहा चौक, सुमारे एक किलोमीटर, रमतगमत पंधरा मिनिटं. 'हुनीन १७६०', रेकोलेताची दफनभूमी, रिवादाव्हियाच्या उत्तरेला सतरा-अठरा चौक. फोन खिशातून न काढता एवढं कळतं, आणि फोन खिशात राहणं या शहरात किती मोलाचं आहे ते पुढे सांगतो.

एकच फसगत: रिवादाव्हिया ओलांडला की उत्तर-दक्षिण रस्त्यांची नावं बदलतात. दक्षिणेकडे देफेन्सा, तोच उत्तरेकडे रेकोंकीस्ता. दक्षिणेकडे पेरू, उत्तरेकडे फ्लोरिदा. 'रस्ता तोच, नाव कसं बदललं' म्हणून माणूस मागे फिरतो आणि चुकतो. तिरपे रस्ते, ज्यांना दियागोनाल म्हणतात, तेही या चौकटीत बसत नाहीत.

आणखी एक दिशेचा घोटाळा. ब्युनोस आयर्स विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, तेव्हा तिथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. सावली बघून दिशा ओळखायची सवय असलेल्यांनी हे मनाशी पक्कं करावं.

उच्चार: स्पॅनिशमधले जोड 'एल' आणि 'वाय' इथे 'श' होतात. रस्ता म्हणजे काशे, कोंबडी म्हणजे पोशो, 'मायो' चौक म्हणजे प्लासा दे माशो. स्पेनच्या ॲपवरून शिकलेले उच्चार इथे बसच्या ड्रायव्हरला पटकन कळत नाहीत.

सकाळ: कार्ड, बस, ला बोका

हॉटेलबाहेरच्या किओस्कोवर, म्हणजे आपल्या पानटपरीएवढ्या दुकानात, किंवा सुब्तेच्या स्टेशनवर सुबे कार्ड मिळतं. बस, सुब्ते, लोकल सगळीकडे तेच. किओस्कोवाल्याकडे कार्डं संपलेली असणं नेहमीचं आहे, म्हणून आदल्या संध्याकाळीच मिळवा आणि पैसे भरून ठेवा. नोंदणी न केलेल्या कार्डाला बसचं भाडं जास्त पडतं, पण परदेशी माणसाने एका दिवसासाठी त्या नोंदणीच्या मागे लागू नये. सुब्तेच्या दारात बँकेचं टॅप करायचं कार्डही चालतं. बसला मात्र सुबे हवंच असं धरून चला.

नाश्ता बारमध्ये. तिथे बार म्हणजे चहा-कॉफीचं हॉटेलही. कॉफी आणि मेदियालुना, म्हणजे चंद्रकोरीच्या आकाराचा गोडसर पाव. शाकाहारी असाल तर इथेच पहिली काळजी घ्या. मेदियालुना दोन प्रकारच्या असतात: 'दे मान्तेका' म्हणजे लोण्याच्या, जाडसर आणि गोड. 'दे ग्रासा' म्हणजे जनावराच्या चरबीच्या, बारीक आणि खारट. काचेच्या कपाटात दोन्ही शेजारीशेजारी असतात. बोट दाखवून मागू नका, 'मान्तेका' असं म्हणून मागा. वरून अंड्याचा हात दोन्हींना असतो.

२९, ६४ आणि १५२ या तिन्ही बस ला बोकाला जातात. बस आपली आपण थांबत नाही. थांब्यावर उभं राहून हात आडवा करावा लागतो. पुढच्या दाराने चढायचं, ड्रायव्हरला 'कामिनीतो' असं उतरायचं ठिकाण सांगायचं आणि मगच कार्ड टेकवायचं. टीएमटीत कंडक्टरला स्टॉप सांगतो तसंच, कारण भाडं अंतरावर असतं आणि ड्रायव्हर ते यंत्रात भरतो. आधीच कार्ड टेकवलं तर यंत्र काही घेत नाही, मागे रांग खोळंबते. उतरण्याआधी मागच्या दाराशेजारचं बटण दाबा.

दहाच्या सुमाराला पोचा. त्याआधी सगळं बंद असतं. अकरानंतर गर्दी होते, पण या भागात थोडी गर्दी चांगलीच.

कामिनीतो म्हणजे 'लहानशी वाट'. इथून पूर्वी रेल्वेचा फाटा जात असे. तो बंद पडल्यावर उकिरडा झालेली ती जागा चित्रकार बेनितो किंकेला मार्तीन यांनी शेजाऱ्यांना घेऊन रंगवली, आणि १९५९ मध्ये ती रस्त्यावरचं संग्रहालय म्हणून जाहीर झाली. पत्र्याची, लाकडाची घरं पिवळी, निळी, लाल दिसतात त्यामागे बंदराचा इतिहास आहे. जेनोआहून आलेल्या खलाशी आणि गोदी कामगारांनी जहाजाचा उरलेला रंग आणून घरं रंगवली, आणि एक रंग पुरला नाही की पुढची भिंत दुसऱ्या रंगाची. एकेका घरात अनेक कुटुंबं, मधे सामायिक अंगण, सामायिक मोरी. त्याला कोनवेंतीशो म्हणतात. गिरणगावातली चाळ डोळ्यांसमोर असलेल्या माणसाला ते घर लगेच ओळखीचं वाटतं. दर्शनी रंगापेक्षा एखाद्या कोनवेंतीशोच्या अंगणात शिरून लाकडी जिने आणि गॅलऱ्या बघा. नदीकडे १९१४ चा लोखंडी वाहक पूलही दिसतो, म्हणजे टांगलेल्या पाळण्यातून माणसं-गाड्या पलीकडे नेणारा.

आता सावधगिरी, कारण एकट्याने इथे येणाऱ्यांची चूक ठरावीक असते. कामिनीतो आणि भोवतालचे दोन-तीन चौक, एवढंच पर्यटकांचं ला बोका. तिथे पोलीस असतात. बोका ज्युनियर्सचं 'ला बोंबोनेरा' मैदान तिथून काही चौकांवर आहे आणि पायी जाणारे बरेच असतात, पण ते दिवसाच, वर्दळीच्या वाटेने. त्यापलीकडे छान भिंती दिसतात म्हणून पुढेपुढे जाऊ नका. नदीकाठाने चालत सान तेल्मोला जायचा बेतही नको. नकाशावर अंतर दोन किलोमीटर दिसतं, पण मधला पट्टा रिकामा असतो. रिव्हर प्लेट या प्रतिस्पर्धी क्लबची लाल-पांढरी जर्सी या भागात अजिबात घालू नका. टँगोच्या पोशाखातलं जोडपं फोटोसाठी जवळ ओढतं, ते पैशांसाठी. नको असेल तर हसून 'नो, ग्रासियास' म्हणा आणि चालत राहा. मेनूवर किमती नसलेल्या हॉटेलात बसू नका. तासाभरात, फार तर सव्वा तासात इथून निघावं.

सान तेल्मो आणि पोटापाण्याचं

परतीला २९ नंबर पकडा आणि 'प्लासा दोर्रेगो' सांगा. चौकापासून जवळच देफेन्सावर सान तेल्मोची मंडई आहे, १८९७ ची, वर लोखंडी छत. आत भाजीचे जुने गाळे आणि त्यांना खेटून खाण्याचे नवे.

शाकाहाऱ्यांनी भाषेची तयारी करून जावं. 'कार्ने' या शब्दाचा अर्थ तिथे मुख्यतः गोमांस. 'सिन कार्ने', मांस नको, एवढंच सांगितलं तर ताटात कोंबडी किंवा हॅम येऊ शकतं, आणि देणाऱ्याच्या मनात फसवणूक नसते. म्हणून पूर्ण यादी म्हणा: 'सिन कार्ने, सिन पोशो, सिन हामोन, सिन पेस्कादो.' स्वतःबद्दल सांगताना पुरुषाने 'सोइ बेहेतारिआनो', स्त्रीने 'सोइ बेहेतारिआना'.

एम्पानादा म्हणजे आपल्या मोठ्या करंजीसारखा भाजलेला किंवा तळलेला पदार्थ. त्यात 'उमीता' मक्याची, 'केसो ई सेबोशा' चीज-कांद्याची, 'बेर्दुरा' पालेभाजीची. प्रत्येकीच्या कडेला वेगळी मुरड असते, तिच्यावरून आतलं सारण ओळखतात, पण मुरडीची पद्धत दुकानागणिक बदलते, तेव्हा विचारूनच घ्या. पारीत बऱ्याचदा चरबीचं मोहन असतं. ते चालत नसेल तर 'ला मासा तिएने ग्रासा?' असं विचारा, आणि उत्तर गोलमोल आलं तर सोडून द्या. मसुराची उसळ, 'लेंतेखास', मेनूवर बघून आनंद होतो, पण तिच्यात सहसा सॉसेज असतं. पास्कुआलिना म्हणजे पालकाचं सारण भरलेली पाई, तिच्यात अख्खं अंडं. निर्धोक म्हणाल तर टोमॅटो सॉसमधले न्योकी, म्हणजे बटाट्याचे छोटे गोळे, मोझरेला पिझ्झा, कोशिंबीर आणि फळं. दुल्से दे लेचेचं, म्हणजे दूध आणि साखर आटवून केलेल्या खव्याचं आइस्क्रीम चुकवू नये. बासुंदीवर वाढलेल्या जिभेला ते फार जवळचं.

जेवणाची वेळ साडेबारा ते तीन. चार ते आठ स्वयंपाकघरं बंद, रात्रीचं जेवण साडेआठनंतर. आपल्या सवयीने साडेसातला भूक लागली तर फक्त सँडविच मिळतं. नळाचं पाणी पिण्यासारखं आहे, बाटली भरून घ्या: 'आग्वा दे ला कानीशा'.

बिलावर 'कुबिएर्तो' असं लिहिलेलं असतं, ते पाव आणि ताटवाटीचे पैसे, टीप नव्हे. टीप साधारण १० टक्के, रोख. किमतीपुढे डॉलरचं चिन्ह दिसून दचकू नका, पेसोचं चिन्हही तेच. हजाराच्या जागी टिंब आणि दशांशाच्या जागी स्वल्पविराम असतो: ४.५०० म्हणजे साडेचार हजार. कार्ड दिल्यावर 'क्वोतास?' विचारतात, म्हणजे हप्ते हवेत का. 'उन पागो' म्हणायचं. यंत्राने रुपये की पेसो विचारलं तर पेसो निवडा, नाहीतर रूपांतराचा भाव दुकानाच्या बाजूचा लागतो.

प्लासा दे माशो, दुपारीच

मंडईतून देफेन्साने सरळ उत्तरेला चालत गेलं की दहा चौकांत प्लासा दे माशो. हे ठिकाण सकाळऐवजी दुपारी ठेवण्याला कारण आहे. गुलाबी रंगाचं राष्ट्रपती कार्यालय, कासा रोसादा, चौकाच्या पूर्वेला आहे आणि त्याचं तोंड पश्चिमेला. सकाळी सूर्य इमारतीच्या मागे असतो, फोटोत गुलाबी रंग करडा पडतो. दीड-दोननंतर तोच रंग खुलतो. उत्तरेकडच्या कॅथेड्रलचं तोंड दक्षिणेला, तेव्हा त्याच्या बारा खांबांवर हिवाळ्यात तर ऊन पडतच नाही. आत जा. स्वातंत्र्ययुद्धाचे सेनानी होसे दे सान मार्तीन यांची समाधी आहे, दोन सैनिक पहाऱ्याला असतात. पोप फ्रान्सिस पोप होण्याआधी इथलेच आर्चबिशप होते.

चौकाचं नाव १८१० च्या मे क्रांतीवरून. मधला पांढरा स्तंभ १८११ चा. त्याच्या भोवती जमिनीवर पांढरे रुमाल रंगवलेले दिसतील. त्यांच्यावरून चालत जाण्याआधी ते काय आहेत हे माहीत असावं. १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीत हजारो तरुण-तरुणींना उचलून नेलं, त्यांचा पत्ता लागला नाही. त्यांच्या आया ३० एप्रिल १९७७ ला पहिल्यांदा या चौकात जमल्या. घोळका करून उभं राहायला बंदी होती, पोलीस 'चालत राहा' म्हणाले, तेव्हा त्या स्तंभाभोवती चालत राहिल्या. डोक्याला बांधलेला पांढरा रुमाल सुरुवातीला मुलांच्या लंगोटाच्या कापडाचा होता. दर गुरुवारी दुपारी साडेतीनला ही फेरी आजही निघते. फेरीत मागे सामील व्हायला कोणी अडवत नाही. फोटो काढायचा तर थोडं लांबून, आणि सेल्फी नको.

इथून पश्चिमेला आवेनीदा दे माशो. ८२५ नंबरला १८५८ चं काफे तोर्तोनी. बाहेर रांग असते आणि एका दिवसाच्या माणसाने त्या रांगेत अर्धा तास घालवू नये. काचेतून आत डोकावून पुढे चला. १३७० नंबरची १०० मीटर उंचीची बारोलो इमारत, १९२३ ची, फक्त गाइडबरोबर बघता येते. दोन क्वाद्रा आधी लागतो नुएवे दे हुलिओ, सुमारे १४० मीटर रुंदीचा रस्ता. एका सिग्नलला तो पूर्ण ओलांडता येईलच असं नाही. मधल्या बेटावर थांबा, धावू नका. उजवीकडे ओबेलिस्को हा उंच स्तंभ दिसतो: ६७.५ मीटर, १९३६ मध्ये अवघ्या ३१ दिवसांत उभारलेला, शहराच्या पहिल्या स्थापनेला ४०० वर्षं झाली म्हणून. १९०८ चं कोलोन नाट्यगृह जवळच आहे. त्याची फेरी सुंदर असते, पण ती घेतली तर रेकोलेता हुकतं. दोन्हींतून एक निवडायचं झालं तर रेकोलेता निवडा.

रेकोलेता: चारच्या आत

दफनभूमी साधारण पाचला बंद होते, म्हणून घड्याळात सव्वातीन वाजले की जिथे असाल तिथून निघा. गुरुवारी आयांची फेरी बघितलीत तर मधली पायपीट गाळून प्लासा दे माशोवरूनच टॅक्सी करा. एरवी 'नुएवे दे हुलिओ' स्टेशनवरून सुब्तेची डी लाइन, दिशा 'कोंग्रेसो दे तुकुमान', दुसरं स्टेशन काशाओ. सुब्तेत काही स्टेशनांना दोन दिशांची दारं रस्त्याच्या दोन बाजूंना असतात. चुकीच्या दाराने कार्ड टेकवून आत गेलात तर पलीकडे जायला बाहेर पडून पुन्हा भाडं. जिन्याच्या तोंडाशी दिशेचा फलक वाचूनच उतरा. ही भुयारी रेल्वे १९१३ मध्ये सुरू झाली, लॅटिन अमेरिकेतली पहिली.

काशाओवरून चालत सांता फे १८६०: एल आतेनेओ ग्रँड स्प्लेंदिद. १९१९ चं नाट्यगृह, २००० पासून पुस्तकांचं दुकान. सज्जे, घुमटावरचं चित्र, मखमली पडदा जसाच्या तसा, आणि रंगमंचावर कॉफीची टेबलं. गडकरी रंगायतनच्या बाल्कनीत पुस्तकांची कपाटं लावलेली कल्पा. प्रवेश फुकट. पंधरा मिनिटं द्या, वेळ असेल तर परतताना पुन्हा या.

दफनभूमीत परदेशी पाहुण्यांना तिकीट आहे आणि ते कार्डानेच घ्यावं लागतं. १८२२ ची ही जागा म्हणजे संगमरवरी घरांचं छोटं गाव: गल्ल्या, चौक, दारं, कुलपं. बहुतेक जण एव्हा पेरोनची, म्हणजे राष्ट्राध्यक्ष हुआन पेरोन यांच्या पत्नीची, कबर शोधत वीस मिनिटं भरकटतात, कारण ती भव्य नाही. काळ्या दगडाची, बाजूच्या अरुंद गल्लीत, वर 'फामिलिया दुआर्ते' हे माहेरचं नाव. मुख्य दारातून सरळ मधल्या चौकापर्यंत, मग डावीकडे, आणि पुढे फुलं खोचलेलं दार शोधा. १९५२ मध्ये ३३ व्या वर्षी ती गेली. लष्कराने शव लपवून इटलीला नेलं, तिथून स्पेन, आणि १९७६ मध्ये ते इथे आलं. शेजारची बासिलिका देल पिलार १७३२ ची, पांढरी, साधी.

बाहेर शनिवार-रविवारी हस्तकलेचा बाजार. उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबरात, आठपर्यंत उजेड. जूनमध्ये सहाच्या आत अंधार आणि कडक थंडी.

फोन, खिसा आणि रात्र

इथला नेहमीचा गुन्हा म्हणजे हातातला फोन खेचणं, बऱ्याचदा मोटरसायकलवरून. त्यांना मोतोचोर्रो असा शब्दच आहे. फुटपाथच्या कडेला उभं राहून नकाशा बघू नका, दुकानाच्या आत जा किंवा भिंतीला पाठ लावा. कॅफेत फोन टेबलावर ठेवू नका. अंगावर काहीतरी चिकट पडलं आणि एखादी व्यक्ती कागद घेऊन पुसायला धावली, तर थांबू नका. दुसरा साथीदार बॅगेजवळ असतो. पुसणं हॉटेलवर. फ्लोरिदा रस्त्यावर 'काम्बिओ, काम्बिओ', म्हणजे पैसे बदलून देतो, असं ओरडणाऱ्यांच्या मागे वरच्या मजल्यावर एकट्याने जाऊ नका. पोलिसांसाठी ९११, रुग्णवाहिकेसाठी १०७.

रात्रीच्या जेवणाला फाकुल्ताद दे देरेचो स्टेशनवरून एच लाइनने कोर्रिएंतेस, तिथे बी लाइन बदलून उरुग्वाय. कोर्रिएंतेस १३६८ ला गुएर्रीन हे १९३२ चं पिझ्झाघर. आत टेबलाची वाट बघण्यापेक्षा काउंटरवर उभ्याने खा, एकट्याला ते सोयीचं आणि लवकर होतं. मागा फुगासेता, कांदा आणि चीजचा जाड तुकडा, आणि सोबत फाइना. फाइना म्हणजे चण्याच्या पिठाचं, ओव्हनमध्ये भाजलेलं जाड धिरडंच. पिझ्झ्याच्या तुकड्यावर ठेवून खातात.

सुब्तेची शेवटची गाडी साडेदहाच्या आत धरा. उशीर झाला तर ॲपवरची गाडी, किंवा 'रादियो टॅक्सी' लिहिलेली. टॅक्सीचा रंग आपल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीसारखाच. सुटे पैसे द्या, आणि मोठी नोट द्यावीच लागली तर आकडा मोठ्याने म्हणून द्या, म्हणजे ती बदलून 'ही खोटी आहे' म्हणायला जागा राहत नाही.

सुबे कार्डावर पैसे उरले तर ते दुसऱ्या दिवशी एसेइसा विमानतळावर जाताना वापरता येतात. ८ नंबरची बस तिथवर जाते, पण दोन तास धरावे लागतात आणि मोठी बॅग घेऊन गर्दीच्या वेळी चढता येत नाही. विमान सकाळचं असेल तर गाडी रात्रीच सांगून ठेवा.